पेरणीच्या तारखेवरून मागे मोजत: सोयाबीन-कापसाच्या तालुक्यात तालुका कृषी अधिकाऱ्याचा पहिला खरीप

प्रश्न असा आहे: मराठवाड्यातल्या कोरडवाहू सोयाबीन-कापसाच्या तालुक्यात एप्रिलमध्ये तालुका कृषी अधिकारी म्हणून रुजू झालो आहे. कार्यालयाचा दिवस महाडीबीटीच्या (राज्याच्या अनुदान योजनांच्या ऑनलाइन पोर्टलच्या) फायली, बैठका आणि अहवाल यांतच सरतो. पहिल्याच खरिपात शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडेल असं काय करावं आणि कुठल्या क्रमानं?

क्रम पेरणीच्या तारखेवरून मागे मोजून लावा. योजनेचं वर्ष एप्रिल ते मार्च असलं तरी शेतकऱ्याचं वर्ष रोहिणी-मृगापासून सुरू होतं आणि आपल्या खात्याची बहुतेक मदत वाया जाते ती या दोन कॅलेंडरांच्या फटीत. बियाणं तपासा असा सल्ला 20 जूनला गेला तर तो सल्ला राहत नाही, कारण तोवर चाड्यावर मूठ पडलेली असते. म्हणून कार्यालयातल्या भिंतीवर उद्दिष्टांचा तक्ता आहे, त्याच्या शेजारी दुसरा कागद लावा. त्यावर गावनिहाय पेरणीचा अंदाजे आठवडा आणि त्याच्या मागे कुठलं काम कधी संपलं पाहिजे हे लिहा. पहिल्या वर्षी सगळं होणार नाही. पुढे जी कामं सांगतो आहे ती मी फायद्याच्या हिशेबानं निवडली आहेत आणि त्यांत सर्वांत वर घरच्या बियाण्याची उगवण तपासणी आहे.

बियाणं: 10 मे ते 5 जून

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक. सरळ वाणाचं बियाणं एकदा प्रमाणित घेतलं की पुढं दोन हंगाम घरचं वापरता येतं. एकरी 30 किलोचा हिशेब धरला तर पाच एकरवाल्याला दीड क्विंटल लागतं. ते विकत घ्यायचं आणि घरचं वापरायचं यांतल्या भावाचा फरक लहान शेतकऱ्याच्या पूर्ण खताच्या खर्चाच्या आसपास जातो. अडचण एकच आहे, ती म्हणजे या बियाण्याचं साल फार पातळ आणि अंकुर सालीच्या अगदी खाली. मळणीत मार बसला, पोतं ट्रॉलीतून आपटलं किंवा उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलं की वरून दाणा चांगला दिसतो आणि आत मेलेला असतो. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा असा पूर आला की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यातल्या तक्रारी विकतच्या बियाण्याच्या होत्या. त्यामुळे पोतं घरचं असो की दुकानातलं, चाचणी दोन्हींची करा.

चाचणीत गावोगाव होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून ती नीट सांगतो. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठ-मूठ काढायची, एकत्र मिसळायची आणि त्यातून डोळे झाकून 300 दाणे मोजायचे. शेतकरी इथंच चुकतो. तो टपोरे, पिवळेधमक दाणे वेचून घेतो आणि मग उगवण 90 टक्के येते. पेरताना मात्र फुटका-तुटका सगळाच दाणा जातो. गोणपाट स्वच्छ धुतलेलं हवं. खताचं किंवा औषधाचं रिकामं पोतं चालणार नाही. ते पाण्यात भिजवून पिळायचं. ठिबकतं गोणपाट ठेवलं तर दाणे गुदमरून कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. त्यावर बोटभर अंतर सोडून दहाच्या दहा ओळी, म्हणजे 100 दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करायची आणि अशा तीन गुंडाळ्या सावलीत ठेवायच्या. रोज पाण्याचा हबका मारायचा.

मोजणी सातव्या दिवशी. नुसती शेपटी फुटलेला दाणा उगवला म्हणून धरू नका. मूळ आणि वरचा कोंब दोन्ही सरळ वाढलेले, डाळी अखंड आणि कुठं बुळबुळीत डाग नाही, एवढाच अंकुर मोजायचा. तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी काढायची. 70 टक्के हे बियाणे प्रमाणीकरणाचं किमान मानक आहे आणि एकरी 30 किलो हे प्रमाण त्याच उगवणीला धरलेलं आहे. उगवण कमी असेल तर 30 गुणिले 70 करून येणाऱ्या 2,100 ला मिळालेल्या टक्क्यानं भागा. 65 टक्के आली तर एकरी 32 किलोच्या थोडं वर आणि 60 आली तर 35 किलो. 60 च्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचं नाही, तेलगिरणीला किंवा अडतीवर घालायचं. जास्त टाकून भागेल असं शेतकरी म्हणतो. पण इतक्या खाली गेलेल्या पोत्यात जे उगवतं तेही दुबळं असतं आणि मातीला पापुद्रा धरला की वर येत नाही.

हे काम तालुक्याच्या सगळ्या घरांत तुमची माणसं करू शकत नाहीत. कृषी सहायकाकडे (2025 पासून पदनाम सहायक कृषी अधिकारी झालं, गावात अजून कृषी सहायकच म्हणतात) अनेक गावं असतात. त्यानं प्रत्येक गावात पाच ठिकाणी, पारावर किंवा सोसायटीच्या ओट्यावर, स्वतः गुंडाळी करून दाखवायची आणि सातव्या दिवशी त्याच ठिकाणी ती उघडायची. दुसरी भेट महत्त्वाची, कारण गुंडाळी उघडताना पाहिलेला आकडा माणूस विसरत नाही. त्या वेळी एक साधी वही ठेवा: शेतकरी, वाण, पोती, उगवण, विकायला शिल्लक आहे का. आठवडाभरात तुमच्या हातात तालुक्यातल्या चांगल्या घरच्या बियाण्याची यादी येते. ज्याचं नापास झालं त्याला शेजारच्या गावातलं पास झालेलं बियाणं दाखवता येतं. दुकानातल्या टंचाईचा आणि बोगस बियाण्याचा जोर कमी करणारं याहून स्वस्त साधन खात्याकडे नाही, असं माझं ठाम मत आहे.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. थायरम असेल तर किलोला 3 ग्रॅम. रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलोला. ते पेरणीच्या अगोदर दोन-तीन तास, सावलीत. पाणी इतकंच की दाण्याला ओल लागेल, साल सुटणार नाही. गव्हासारखं हातानं चोळायचं नाही. ताडपत्रीवर पसरून दोघांनी चारही कोपरे धरून झुलवलं की पुरतं.

दुकानं आणि खत

बियाण्याच्या चाचण्या चालू असतानाच कृषी सेवा केंद्रांची तपासणी सुरू झाली पाहिजे. नमुने काढण्याचं उद्दिष्ट असतंच. पण नमुन्याचा निकाल येतो तोवर माल विकून झालेला असतो, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत काढलेल्या नमुन्यालाच अर्थ आहे. तपासताना तीन गोष्टी एकत्र पाहा: ई-पॉस यंत्रावरचा (खतविक्रीची नोंद होते त्या यंत्रावरचा) साठा, साठा रजिस्टर आणि गोदामातली प्रत्यक्ष थप्पी. या तिघांत फरक सापडला की पुढचं आपोआप उलगडतं. खतासोबत नको असलेलं दुसरं उत्पादन माथी मारणं, ज्याला सगळे लिंकिंग म्हणतात, त्याची तक्रार शेतकरी लेखी देत नाही, कारण त्याला त्याच दुकानात उधारीवर जायचं असतं. तेव्हा तक्रारीची वाट न पाहता पावत्यांची प्रत पाहा. सलग दहा पावत्यांवर डीएपीबरोबर एकच बाटली दिसली, तर कोणाच्याही जबाबाची गरज उरत नाही.

डीएपीची टंचाई जूनमध्ये जवळपास ठरलेली. तिच्यावर ओरड होण्याआधी पर्यायाचा हिशेब गावात पोचवा. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत 24 किलो स्फुरद येतं, शिवाय 16 किलोच्या वर गंधक, जे सोयाबीनच्या तेलासाठी लागतंच आणि डीएपीत नसतं. सोयाबीनची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 30:60:30 किलो, म्हणजे एकरी 12:24:12. त्यासाठी सुपर फॉस्फेट 3 पोती, युरिया 26 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो. एवढी एक ओळ दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहून घेतली, तर रांगेतला अर्धा ताण जातो. पोती तीन वाहावी लागतात, मजुरी वाढते, हे मात्र शेतकऱ्याला आधीच सांगा. लपवलं तर तो दुसऱ्या वर्षी ऐकत नाही.

बियाण्याचं पक्कं बिल, पिशवी, टॅग आणि पिशवीतले मूठभर दाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायला सांगणं हे बारीक वाटणारं काम आहे. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवं. पिशवी टॅगच्या बाजूनं फोडायची नाही, तळाशी फोडायची. उगवण झाली नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीसमोर आणि पुढे ग्राहक आयोगात टिकतो तो पुरावा हाच. तक्रार आली की पंचनाम्याला तीन-चार दिवसांत जा. शेतात वेगवेगळ्या जागी एक चौरस मीटरची चौकट टाकून रोपं मोजा आणि न उगवलेल्या ओळीत बोटानं उकरून दाणा कुठं आहे ते पाहा. दाणा दोन इंचांच्या खाली सापडला तर दोष पेरणीचा असण्याची शक्यता जास्त, फुगून कुजलेला वरच सापडला तर बियाण्याचा किंवा पाण्याचा. आठ दिवस उलटले की शेतकरी मोडून दुबार पेरतो आणि मग कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

पेरणी: बोलायचं आहे ते ट्रॅक्टरवाल्याशी

प्रत्येक प्रशिक्षणाला आपण शेतकऱ्याला बोलावतो आणि त्याची पेरणी करतो दुसराच. आज तालुक्यातल्या बहुतेक सोयाबीनची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. गावात असे पाच-सात चालक असतात. तो एकराच्या भावानं पैसे घेतो, म्हणजे त्याचा फायदा वेगात आहे. वेगात फण एकसारखे चालत नाहीत, कुठं उथळ, कुठं खोल. सोयाबीनचा मोड मान वाकवून दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो. त्याला 3 ते 4 सेंटिमीटर माती पेलते. 5 च्या पुढे गेलं आणि वरून पावसाचा चेप बसला की मान मोडते.

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मंडळनिहाय चालकांची अर्ध्या दिवसाची बैठक घ्या, तीही शेतात, पेरणी यंत्र जोडून. चालवायचं, दहा मीटर पेरायचं, थांबायचं, मागं जाऊन ओळ उकरायची, पट्टीनं खोली मोजायची, खोलीचं चाक किंवा पिन बदलायची, परत चालवायचं. दुसरं, बियाणं पडण्याची मोजणी: यंत्राचं चाक उचलून हातानं फिरवत नळीखाली पिशवी बांधून एकरी किती पडतं ते काढायचं. वाण बदलला की दाण्याचा आकार बदलतो आणि कालचं सेटिंग आज चुकतं. दोन तासांत हे शिकून होतं. तालुक्यात दीडशे चालक असतील तर दीडशे माणसांपर्यंत पोचून तुम्ही सगळ्या तालुक्याची पेरणी सुधारता. शेतकऱ्यांच्या मोठ्या मेळाव्यातून ते साधत नाही.

त्याच बैठकीत रुंद वरंबा सरीचं बोला. रुंद वरंबा सरी पाडणाऱ्या यंत्रानं, म्हणजे बीबीएफनं, दर चार ओळींनंतर सरी पडते, बियाणं 20 ते 25 टक्के वाचतं, जास्त पावसात पाणी निघतं आणि खंड पडला तर सरीत मुरलेलं कामी येतं. यंत्र नाही त्यानं दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडावी आणि पीक महिन्याचं होण्याच्या सुमारास त्या जागेत कोळप्याला दोरी गुंडाळून सरी ओढावी. काम बहुतांश तेवढंच होतं. भारी काळ्या जमिनीत हे केलंच पाहिजे. हलक्या मुरमाड रानात आग्रह धरू नका, तिथं पाणी साचण्याचा प्रश्नच नसतो.

पेरायचं कधी? 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण आपल्या शिवारात किती पडला हे कोणालाच माहीत नसतं. स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक आणि पाऊस तर बांधाबांधावर वेगळा. प्रत्येक गावात सरळ उभ्या भिंतीचा, तोंड आणि बूड सारख्या मापाचा डबा उघड्यावर बसवा. पत्र्यापासून आणि झाडापासून लांब. सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. निमुळता डबा घेऊ नका, आकडा खोटा येतो. बेरीज 75 झाली की वीतभर खोल उकरून ओल लागली का ते पाहायचं आणि मगच वाफशावर, म्हणजे माती ओली पण चिकटत नाही अशा वेळी, पेरायचं. पहिल्या सरीवर घाईनं पेरून दुबार पेरणीची वेळ येते, तेव्हा शेतकऱ्यानं हवामान खात्याला दोष दिलेला असतो. खरं तर मोजमापच झालेलं नसतं.

गोगलगाय असलेली मंडळं

2022 मध्ये लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन रातोरात फस्त केलं. एकदा आलेल्या शिवारात ती बांधाच्या मातीत दडून राहते आणि पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते. म्हणजे तिचीही तारीख पेरणीच्या आधीची. गावानं एकत्र करायचं काम आहे, एकट्यानं वेचलं तर शेजारच्या बांधावरून परत येते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेनं पसरायची, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. शेताभोवती चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा. पाऊस झाला की तो परत टाकावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी 2 किलो, बांधाच्या कडेनं विखरून. कुत्री-कोंबड्या तिकडं फिरकणार नाहीत याची काळजी घ्यायला सांगा.

कापूस आणि फवारणी करणारा माणूस

गुलाबी बोंडअळीचा पाया हंगामपूर्व लागवडीत आहे. मेमध्ये पाण्यावर लावलेला कापूस लवकर फुलतो आणि कोषातून निघालेल्या पतंगांना पहिलं घर देतो. जूनच्या आधी लागवड होऊ नये यासाठी जे बोलायचं ते एप्रिल-मेमध्येच. पात्या लागल्यावर एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) फक्त पाहणीसाठी. सलग तीन रात्री सापळ्यात 8 किंवा जास्त नर पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं डोमकळी झालेली, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेली दिसली, की उपाय सुरू. हिरवी बोंडं मात्र फोडूनच पाहायची: एकरात फिरून 20 बोंडं, प्रत्येक वेगळ्या झाडाचं. वरून निरोगी बोंडात आत अळी असते, आणि शेतकरी फोडत नाही कारण एक बोंड गेलं असं त्याला वाटतं. वीस बोंडांची किंमत आणि एका फवारणीची किंमत त्याच्यासमोर मांडा. डिसेंबरअखेर पीक काढून टाकणं, फरदड (वेचणीनंतर पुन्हा बहरासाठी राखलेलं जुनं पीक) न ठेवणं, हे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी ऐकलं जाणारं. कापसाला भाव असला की फरदड राहतेच. त्या वर्षी पऱ्हाट्या काढून हरभरा किंवा गहू कसा बसतो याचा रुपयांतला हिशेब घेऊन जा, नुसत्या आवाहनानं काही होत नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ही गोष्ट कुठल्याही कापूस तालुक्याच्या अधिकाऱ्यानं दर ऑगस्टला मनात ठेवली पाहिजे. आपल्या बैठकीला येतो तो मालक, पंप पाठीवर असतो मजुराच्या. त्या मजुरांची गावनिहाय यादी करा आणि बैठक संध्याकाळी सातनंतर त्यांच्या वस्तीत घ्या. सांगायचं थोडं पण पक्कं: उपाशीपोटी फवारायचं नाही, वाऱ्याच्या पाठीनं चालायचं, छातीच्या वर वाढलेल्या दाट कापसात शिरून डोक्यावर फवारायचं नाही, तोंडानं नोझल फुंकायचं नाही, तीन-चार औषधांचं मिश्रण करायचं नाही. बाटलीवरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत जहाल. त्रास झाला तर बाटली किंवा लेबल घेऊनच दवाखान्यात. आणि एक काम तुमचं स्वतःचं: ऑगस्टच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटून ॲट्रोपिनचा (कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या औषधाचा) साठा आहे का ते विचारा आणि तालुक्यात जास्त विकल्या जाणाऱ्या औषधांची यादी त्यांना द्या. दोन खात्यांमधलं हे पंधरा मिनिटांचं बोलणं रात्री अकराला आलेल्या रुग्णाचा जीव वाचवू शकतं.

योजना

यावर थोडक्यात. ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेतून 55 आणि 45 टक्के अनुदान, राज्याची पूरक भर धरून अल्प-अत्यल्प भूधारकाला 80 आणि इतरांना 75 टक्के. अर्ज बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण पूर्वसंमतीआधी खरेदी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की तिथं कोणीच काही करू शकत नाही. शेतकरी ओळख क्रमांक नाही म्हणून अडलेल्यांची यादी काढून तलाठ्याबरोबर गावातच शिबिर लावा.

शेततळ्याच्या अर्जात आकडे शेतकऱ्याला समजावून द्या. वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि बाजूचा उतार 1:1 असेल तर तळ्यात सुमारे 2,200 घनमीटर पाणी मावतं. हेक्टरला 5 सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी म्हणजे 500 घनमीटर. पाझर आणि बाष्पीभवन वजा जाता दोन हेक्टरला एक नक्की, जमलं तर दीड पाळी. एवढ्यावर ऊस किंवा केळीची स्वप्नं कोणी दाखवत असेल तर थांबवा. तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत क्षमता घटते, आणि अंदाजपत्रकात ही छोटी गोष्टच राहून जाते.

एक योजना मात्र तुम्ही स्वतः पाठपुरावा करायची आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय 10 ते 75. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. वीज पडली, साप चावला, विहिरीत पडला, ट्रॅक्टर उलटला, की त्या घरात पहिले तेरा दिवस कोणाला कागद सुचत नाही, पुढचे पंधरा दिवस दाखल्यांत जातात आणि मुदत टळते. पोलीस ठाण्याच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदी दर सोमवारी मागवा. नाव दिसलं की कृषी सहायकानं स्वतः घरी जायचं आणि सातबारा, वारस नोंद, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांतलं काय आहे, काय नाही, ते एका कागदावर लिहून घरच्या कर्त्या बाईच्या हातात द्यायचं. वारसाच्या नोंदीत सासू-सुनेचा वाद असेल तर तो पहिल्या आठवड्यातच तलाठ्याकडे नेऊन सोडवा.

पीक कापणी प्रयोग: इथं एक किलो दोन क्विंटल असतो

2025 च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या (शेतातला ठरलेल्या मापाचा तुकडा कापून धान्य तोलण्याच्या) उत्पादनाच्या आधारे ठरते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमधले हे प्रयोग म्हणजे तुमच्या वर्षातलं सर्वांत जबाबदारीचं काम. महसूल मंडळात एका पिकाचे किमान 10 प्रयोग. ते महसूल, ग्रामविकास आणि कृषी या तिन्ही यंत्रणांत वाटलेले असतात. उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले 70 टक्के जोखीमस्तर. यंदाचं सरासरी उत्पादन त्याच्या खाली जितकं, तितक्या प्रमाणात भरपाई.

सोयाबीनचा प्लॉट 10 बाय 5 मीटर, म्हणजे 50 चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. प्लॉटमध्ये एक किलो चुकलं की हेक्टरी 200 किलो चुकतं. दहा प्रयोगांच्या सरासरीत ते 20 किलो होतं. उंबरठा हेक्टरी 1,000 किलो धरला तर एका काट्याच्या चुकीनं मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची भरपाई विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हलू शकते. हे गणित प्रशिक्षणात फळ्यावर मांडा. ते एकदा समजलं की माणूस काटा नीट धरतो.

शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून काही मनानं न ठरवता दिलेल्या यादृच्छिक अंकांनीच पावलं मोजायची. चांगलं पीक दिसतं म्हणून चार पावलं सरकायचं नाही, वाईट दिसतं म्हणूनही नाही. चार खुंट्या ठोकल्यावर काटकोन तपासायला कर्ण मोजा, तो 11.18 मीटर भरला पाहिजे. कर्ण न मोजता आखलेला प्लॉट तिरपा होतो आणि क्षेत्र घटतं, हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. दोरीवर आलेल्या झाडाचं बूड आत असेल तर ते झाड आत. वजनाचा काटा प्रमाणित आणि प्रयोगाच्या आधी ज्ञात वजनानं तपासलेला. ओलं सोयाबीन तोललं की उत्पादन फुगतं आणि नुकसान झालेल्या मंडळाला भरपाई नाकारली जाते. पावसात काढणी झाली असेल तर सुकवून घेतलेलं वजन नोंदवलंच पाहिजे.

सर्वांत जास्त प्रयोग फसतात ते मात्र काट्यानं नाही, तारखेनं. निवडलेल्या शेतकऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं, मजूर मिळाले की तो सोयाबीन काढून मोकळा होतो आणि मग शेजारच्या शेतात भागवलं जातं. निवड झाली त्याच दिवशी त्याला भेटून फोन नंबर घ्या, शेंगा पिवळ्या पडू लागल्या की दर दोन दिवसांनी विचारा आणि काढणीच्या दिवशी सरपंच, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावातले दोन-तीन शेतकरी हजर ठेवा. गावासमोर तोललेल्या आकड्यावर पुढं वाद होत नाही.

पुढच्या वर्षाचं बियाणं याच ऑक्टोबरात

कापणी प्रयोगांच्या धावपळीत हे राहून जातं. सप्टेंबरमध्ये प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याचे, भेसळ नसलेले चार-पाच प्लॉट हेरा आणि मालकाला बियाण्यासाठी वेगळी मळणी करायला राजी करा. फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं उपटलेली असतील तर उत्तम. काढणीनंतर दोन-तीन दिवस ऊन, ओलावा 13-14 टक्क्यांवर, आणि मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास. व्यापारी मालाच्या वेगानं मळलं तर साल तडकते आणि मेमध्ये 50 टक्केही उगवत नाही. इथंही बोलायचं आहे ते मळणीवाल्याशी. त्याचं काम मंदावतं म्हणून तो पोत्यामागं थोडे जास्त पैसे मागेल, ते द्यायला लावा. बियाणं पातळ पसरून वाळवायचं, ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आणायचा, नव्या बारदान्यात भरायचं, खाली लाकडी फळ्या, थप्पी उंच नको, शेजारी खत नको, पोतं उचलून ठेवायचं, फेकायचं नाही. प्रत्येक पोत्यात वाण, प्लॉटचा गट नंबर आणि मळणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकून दुसरी बाहेर शिवून घ्या. मेमध्ये चाचणीसाठी पहिला हात याच पोत्यांत घालायचा आहे.